यकृताचा कर्करोग : उपचार कशावरून ठरतो?

यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो रुग्णालयाचा. आलापल्ली, अहेरी, आष्टी, सिरोंचा या भागात दुकानदारी करणाऱ्या कुटुंबाला तर तो अधिकच जड जातो. चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर, तेथून नागपूर आणखी दीडशे. सिरोंच्याकडून गोदावरी ओलांडून तेलंगणात उतरावे, तर हैदराबादही आवाक्यात दिसते. आणि 'टाटा' म्हटले की मुंबई आलीच. थोरले बंधू एक शहर सुचवितात, व्याही दुसरे सुचवितात, आणि या विचारविनिमयात पंधरा दिवस निघून जातात. दुसरा प्रश्न पैशाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तथापि या रोगात त्या दोहोंच्या आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : गाठीभोवतीचे उरलेले यकृत किती समर्थ आहे?

इतर बहुतेक कर्करोगांत गाठ केवढी आहे आणि ती कोठवर पसरली आहे यावर उपचाराची दिशा ठरते. यकृताच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. येथे बहुतेक रुग्णांचे यकृत गाठ उद्भवण्याच्या पुष्कळ आधीपासून आजारी असते. कावीळ 'बी' किंवा 'सी'चा विषाणू, मद्य, मधुमेहासोबत येणारी यकृतातील चरबी यांपैकी कशाने तरी ते वर्षानुवर्षे झिजत आलेले असते. त्याच्या मऊ पेशींच्या जागी टणक व्रणतंतू साठतात. याला सिऱ्होसिस म्हणतात. म्हणजे एकाच अवयवात दोन रोग नांदत असतात, आणि वैद्याला दोहोंचा हिशेब एकदम करावा लागतो. गाठ लहान असूनही यकृत थकलेले असेल तर शस्त्रक्रिया झेपत नाही; गाठ मोठी असूनही यकृत निरोगी असेल तर अर्ध्याहून अधिक यकृत काढूनही माणूस बरा होऊन घरी येतो.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड किंवा स्तन यांचा कर्करोग यकृतात पसरतो, तेव्हाही घरचे लोक 'लिव्हरचा कॅन्सर' असेच म्हणतात. तो आजार वेगळा, त्याची औषधे वेगळी. येथे जे लिहिले आहे ते यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाविषयी आहे. जगात २०२२ साली या रोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळजवळ असण्याचे मुख्य कारण, रोग उशिरा सापडतो हे आहे. यकृत मुकाट्याने सोसणारे आहे. वेदना, कावीळ, पोटात पाणी, वजनात घट ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा मुळापासून बरे करणाऱ्या उपचारांची वेळ बहुधा टळलेली असते.

निदान व पायरी

सोनोग्राफीत गाठ दिसली की पुढचे पाऊल म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय. या कर्करोगाची गाठ औषध प्रथम झपाट्याने शोषते व नंतर लवकर सोडून देते. सिऱ्होसिस असलेल्या रुग्णात हे चित्र स्पष्ट मिळाले तर सुई घालून तुकडा काढण्याची गरज बहुधा उरत नाही. सोबत रक्तातील अल्फा फीटो प्रोटीन तपासतात. परंतु ते वाढले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण कितीतरी रुग्णांत ते साधारणच राहते.

नंतर यकृताची ताकद मोजतात. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटातील पाणी आणि मनाची शुद्धी अशा पाच गोष्टींवरून यकृताला 'ए', 'बी' किंवा 'सी' अशी श्रेणी मिळते. ही श्रेणी, गाठींची संख्या व आकार, आणि रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकतो की नाही, या तिहींच्या मेळातून रोगाची पायरी निघते. स्पेनमधील बार्सिलोना येथील वैद्यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. वैद्यांकडे जाताना 'कोणता उपचार करणार?' याच्या आधी 'यकृताची श्रेणी कोणती आणि रोगाची पायरी कोणती?' हे विचारावे. या दोन अक्षरांवरून पुढचे पुष्कळसे बोलणे सरळ होते.

बरे करू पाहणारे उपचार

पहिला उपचार म्हणजे गाठीसह यकृताचा भाग कापून काढणे. यकृताला पुन्हा वाढण्याची शक्ती आहे. निरोगी यकृताचा पाऊण भाग काढला तरी उरलेला पाव-तीस टक्के भाग काही आठवड्यांत वाढू लागतो. सिऱ्होसिसच्या यकृतात मात्र साधारण ४० टक्के भाग राखावा लागतो, आणि श्रेणी 'ए' नसेल तर शल्यविशारद सहसा हात घालीत नाहीत. घरच्यांनी हेही जाणून असावे की गाठ पूर्ण निघाली तरी मूळचे आजारी यकृत तेथेच राहते. त्यामुळे पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत पुन्हा गाठ होते. शस्त्रक्रियेनंतरची नियमित तपासणी म्हणूनच टाळता येत नाही.

गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर पोट न उघडता, सोनोग्राफीच्या आधाराने तीत सुई घालून उष्णतेने ती जाळून टाकता येते. रेडिओलहरी किंवा मायक्रोवेव्ह यांचा त्यासाठी उपयोग होतो. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत हा उपचार शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला आहे आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. मोठी रुग्णालये गाठायची ती अशा लहान गाठीच्या वेळी. आणि नेमकी तीच वेळ आपण 'काही त्रास तर नाही' म्हणून दवडतो.

तिसरा उपचार प्रत्यारोपण. तो गाठ आणि आजारी यकृत दोन्ही एकदम काढतो, म्हणून तत्त्वतः तो सर्वांत पूर्ण आहे. इटलीतील मिलान येथील मात्सफेर्रो या शल्यविशारदाने १९९६ मध्ये दाखवून दिले की गाठ एकच असून पाच सेंटिमीटरच्या आत असेल, किंवा गाठी तीनपर्यंत असून प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात असतात. त्याआधी अशा रुग्णांत प्रत्यारोपणाचे निकाल इतके निराशाजनक होते की पुष्कळ ठिकाणी ते थांबविले होते. आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने दोन मार्ग मोकळे केले : मेंदूमृत दात्याचे यकृत, किंवा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा भाग. विदर्भातील मेंदूमृत दात्यांच्या अवयवांची यादी व वाटप नागपूरचे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. प्रतीक्षा मोठी असल्याने बहुतेक घरांत पुत्र, कन्या, पत्नी किंवा बंधू पुढे येतो. दात्याचे यकृत पुन्हा वाढते, परंतु त्याच्यावरची शस्त्रक्रिया मोठी असते आणि जोखीम शून्य नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर अबोल दडपण येऊ देऊ नये. दात्याने नकार दिला तर तो नकार इतरांना न कळू देण्याची व्यवस्था चांगली केंद्रे करतात, आणि ती योग्यच आहे.

रोग रोखून धरणारे उपचार

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे पाऊण भाग आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, आणि उरलेला पाव भाग धमनीतून. निरोगी यकृत मुख्यतः शिरेवर जगते, गाठ मात्र जवळजवळ सर्वस्वी धमनीवर पोसली जाते. या भेदाचा लाभ घेऊन, गाठी अनेक असतील तेव्हा जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट गाठीच्या धमनीपर्यंत नेतात, तेथे औषध सोडतात आणि ती वाट बुजवून टाकतात. यालाच 'टेस' म्हणतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी, एक स्पेनमधील व एक हाँगकाँगमधील, याने आयुष्य वाढते हे सिद्ध केले. नंतर दोन-चार दिवस ताप व पोटदुखी राहते, आणि उपचार पुन्हा करावा लागू शकतो. कावीळ चढलेली असेल किंवा ती मोठी शीरच गाठीने बुजली असेल तर हा उपचार सहसा टाळतात. तशा वेळी धमनीतून किरणोत्सारी कण सोडणे किंवा बाहेरून नेमक्या जागी किरणोपचार देणे असे अन्य मार्ग काही केंद्रांत आहेत.

रोग शिरेत किंवा यकृताबाहेर गेला असेल तर औषधांचा आधार घ्यावा लागतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'केमो' या नावाने आपण ओळखतो ती नेहमीची औषधे या कर्करोगात फारशी उपयोगी ठरलेली नाहीत. २००७ पर्यंत वैद्यांच्या हाती सिद्ध झालेले एकही औषध नव्हते. त्या वर्षी सोराफेनिब नावाची गोळी आली. तिने सरासरी आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. हा लाभ तीन महिन्यांहूनही कमी, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पुढे लेन्व्हाटिनिब आले. २०२० मध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारे ॲटेझोलिझुमॅब व रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हॅसिझुमॅब ही जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली : १३.४ महिन्यांच्या तुलनेत १९.२ महिने. दर तीन आठवड्यांनी सलाइनवाटे ती देतात. आधी दुर्बिणीने अन्ननलिका तपासून फुगलेल्या शिरांचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर रक्तस्रावाचे भय असते. काही रुग्णांत याने गाठ इतकी आकसते की पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. मात्र हे आकडे श्रेणी 'ए'च्या रुग्णांवरचे आहेत. यकृत 'सी' श्रेणीत गेले असेल आणि प्रत्यारोपण शक्य नसेल, तर ही महागडी औषधे लाभापेक्षा अपायच अधिक करतात. कर्ज काढून ती देण्याचा आग्रह कोणी धरीत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज होकार देऊ नये.

एका गोळीची किंमत

व्यापारी वाचकांना सोराफेनिबची कथा ठाऊक असावी, कारण ती मुंबईत घडली. जर्मनीच्या बायर कंपनीला या औषधाचे भारतीय पेटंट २००८ मध्ये मिळाले. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २ लाख ८० हजार ४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध महिना सुमारे ८,८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवून परवाना मागितला. पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमात अशी तरतूद आहे की पेटंटधारकाचा माल लोकांना पुरेसा मिळत नसेल, परवडणाऱ्या भावात मिळत नसेल, किंवा पेटंटाचा देशात वापरच होत नसेल, तर शासन दुसऱ्याला तो बनविण्याची सक्तीची अनुज्ञा देऊ शकते. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत निकाल दिला. बायर तिन्ही कसोट्यांवर उतरली नाही. नॅटकोने विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन द्यावे आणि वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना औषध विनामूल्य द्यावे, असे ठरले. अपिलात स्वामित्वधन सात टक्के झाले, परंतु परवाना टिकला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. या तरतुदीखाली भारतात दिलेला तो पहिला परवाना.

या कथेचा व्यवहारातला उपयोग असा की औषधाच्या नावासाठी हट्ट धरू नये. वैद्यांकडून मूळ द्रव्याचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच द्रव्याची मान्यताप्राप्त स्वस्त गोळी मिळते का हे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही योजना जुन्या नावाने २०१२ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. आपल्यातील काही कुटुंबांना योजनेच्या रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटतो. तो अनाठायी आहे. मात्र कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात योजनेत बसतो हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे.

व्रत आणि पथ्य

आता आपल्या घरांतील एका नाजूक विषयाकडे वळू. सिऱ्होसिसच्या रुग्णाचे यकृत साखरेचा साठा करू शकत नाही. निरोगी माणसाच्या शरीराची दोन-तीन दिवसांच्या निराहाराने जी स्थिती होते, ती या रुग्णाची एका रात्रीच्या उपाशीपणाने होते. साठा संपला की शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. म्हणून आहारतज्ज्ञ रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाण्यास सांगतात, आणि तेथेच रात्रिभोजनत्यागाचा नियम असलेल्या श्रावकापुढे पेच उभा राहतो. पुष्कळदा रुग्ण वैद्यांसमोर मान डोलावतो आणि घरी येऊन नियम तसाच चालवितो. हे लपविणे घातक आहे.

यावर दोन वाटा आहेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण भरपेट व पिठूळ पदार्थांचे ठेवावे, आणि सकाळी नवकारशीची वेळ होताच, पोरसी वगैरे न करता, न्याहारी करावी. दिवसभरात तीन-चार वेळा थोडेथोडे खावे. हे करूनही वजन व दंडाचे मांस घटत असेल तर वैद्यांचे म्हणणे महाराजसाहेबांच्या किंवा मुनिश्रींच्या कानावर घालून मार्गदर्शन घ्यावे. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत, आणि चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधासाठीची सवलत ही त्यांतच मोडते. नियम मोडल्याची टोचणी मनात बाळगण्यापेक्षा गुरुमुखातून मिळालेली मोकळीक रुग्णाला अधिक शांती देते. अट्ठाई, उपवास किंवा आयंबिलाची ओळी मात्र अशा रुग्णाने पर्युषणातही करू नये. तपाच्या अनुमोदनेचा मार्ग त्याला मोकळा आहेच.

प्रथिने कमी करावीत हा जुना सल्ला आज मागे पडला आहे. उलट वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. मूग, तूर, हरभरा, दूध, दही, पनीर यांतून शाकाहारी घरात ती भरून निघतात. मीठ मात्र खरोखर कमी करावे लागते. पोटात पाणी साठलेल्या रुग्णाला आपले पापड, खाकरे, शेव व लोणची वर्ज्य समजावीत. सूनबाईंनी वरण अळणी केले आणि ताटात पापड वाढला तर काही साधले नाही. कॅप्सूलचे वेष्टण, हेपॅरिनसारखी प्राणिज मूळ असलेली औषधे यांविषयी मनात शंका असेल तर ती आधीच बोलून दाखवावी. कित्येक वेळा पर्याय असतो. पण नसतो तेव्हाही तो निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतलेला बरा.

वनप्रदेशात कावीळ उतरविणाऱ्या वैदूंची कमतरता नाही, आणि आपलेही लोक तेथे जातात. साधी कावीळ, विशेषतः 'ए' प्रकारची, बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय झाडपाल्याला मिळते. सिऱ्होसिसच्या रुग्णाला ही चूक महाग पडते. गुळवेलीसारखी घरगुती समजली जाणारी वनस्पतीसुद्धा काही रुग्णांच्या यकृताला अपाय करते, असे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णनोंदींत दिसले. जे काही घेतले जात असेल ते वैद्यांना सांगावे, एवढा नियम तरी पाळावा.

आणि उपचाराची मर्यादा येते तेव्हा? तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते. पोटातील पाणी काढणे, खाज व मळमळ थांबविणे, वेदनेवर बेताच्या मात्रेत मॉर्फिन देणे, हे सर्व वैद्यकशास्त्रच आहे. यकृत अशक्त असल्याने मात्रा कमी लागते, म्हणून ती जाणत्या वैद्याकडूनच ठरवून घ्यावी. यकृत निकामी होऊ लागले की रुग्ण असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. घरचे लोक समजतात की अंतकाळ आला. पुष्कळदा हा बद्धकोष्ठामुळे वाढलेल्या विषारी द्रव्यांचा परिणाम असतो, आणि लॅक्ट्युलोजच्या साध्या औषधाने माणूस शुद्धीवर येऊन णमोकार म्हणू लागतो. ज्या समाजाला अंतिम क्षणीची जागृती इतकी मोलाची वाटते त्याने हे औषध ठाऊक करून घेतले पाहिजे. संथारा-सल्लेखनेविषयी २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय आला व त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. तो विषय गुरुजनांचा आहे. येथे इतकेच सांगावयाचे की वेदनेने किंवा खर्चाच्या भीतीने जीव नकोसा होणे ही अवस्था त्या व्रताहून वेगळी आहे, आणि तिच्यावर आधी वेदनाशमनाचा उपाय झाला पाहिजे.

कोणी तपासून घ्यावे

'आपण तर मद्याला शिवत नाही' हे वाक्य या रोगाच्या संदर्भात वारंवार ऐकू येते. गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे. परंतु या रोगाच्या मोठ्या कारणांपैकी मद्य हे एकच होय. भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या रक्तात कावीळ 'बी'चा विषाणू आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. तो प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, दूषित सुईतून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, पूर्वी न तपासलेल्या रक्तातून येतो. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून तो मिळाला. कित्येक वर्षांनी तपासणीत कळले तेव्हा यकृताचा सुमारे पाऊण भाग निकामी झाला होता. पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना या आजाराच्या जागृतीसाठी सदिच्छादूत नेमले.

महावीर जन्मकल्याणकाला आपण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे घेतो. प्रत्येक पिशवी कावीळ 'बी' व 'सी'साठी तपासली जाते. त्यानंतर रक्तपेढीकडून एखाद्या दात्याला पुन्हा येऊन भेटण्याचा निरोप येतो, आणि तो संकोचाने किंवा धास्तीने टाळला जातो. तो निरोप म्हणजे गाठ होण्याच्या वीस वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते. 'बी'च्या विषाणूला दाबून ठेवणारी टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर ही औषधे आणि 'सी'ला बहुतांशी तीन महिन्यांत समूळ घालविणारी औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

दुसरे कारण आपल्या गादीवर बसलेले आहे. दिवसभर बैठक, तुपाचे व गोडाचे पदार्थ, मधुमेह, सुटलेले पोट यांतून यकृतात चरबी साठते आणि तीतून काहींना सिऱ्होसिस होतो.

तिसरे कारण थेट आपल्या गोदामाशी निगडित आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी शेंगदाण्याच्या पेंडीने मेले. त्या पेंडीतील बुरशीचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसाने भिजलेला बुरशी धरलेला मका खाल्ल्याने ३९७ जण यकृताच्या विकाराने आजारी पडले व त्यांतील १०६ दगावले. ही झाली एकदम मोठ्या मात्रेची गोष्ट. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेली तर कर्करोग होतो, आणि 'बी'चा विषाणू अंगात असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. शिजवल्याने किंवा भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. म्हणून धान्य व डाळींत किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पंधरा दशलक्षांश, ही कायद्याची मर्यादा आहे.

आलापल्लीचा पावसाळा अंगावर येणारा असतो. गोदामात पोती थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. शेंगदाण्यातील ओल आठ टक्क्यांच्या खाली असावी. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकावेत आणि ते घाण्याला पाठवू नयेत, कारण न शुद्ध केलेल्या तेलात विषाचा अंश उतरतो. खराब माल स्वस्तात आदिवासी ग्राहकाच्या पिशवीत जाऊ देणे हा तर व्यापार नव्हेच. नीलफूल आलेला पदार्थ अभक्ष्य मानणारी आपली परंपरा, आणि पिठाला पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा घालणारी दिगंबर स्वयंपाकघरांतील शिस्त, या बाबतीत आपल्या उपयोगी पडते. घरात ती पाळणाऱ्याने दुकानातही पाळावी.

सिऱ्होसिस असलेल्या प्रत्येकाने, तसेच 'बी'चा विषाणू बाळगणाऱ्यांपैकी वैद्य सांगतील त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व अल्फा फीटो प्रोटीनची तपासणी करावी. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. चंद्रपूरला मालाच्या खरेदीसाठी आपली फेरी होतच असते. भद्रावतीच्या पार्श्वनाथांच्या दर्शनालाही आपण त्याच रस्त्याने जातो. एक दिवाळीनंतर आणि एक अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, अशा दोन तारखा वहीत लिहून ठेवल्या तर विसर पडत नाही. गाठ दिसलीच तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थान व मिहानमधील एम्स ही जवळची ठिकाणे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील तज्ज्ञांचे मत हवे असल्यास राष्ट्रीय कर्करोग ग्रीडशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रे पाठवून ते घरबसल्या मागविता येते. मुंबईस जावेच लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते.

सोबत नेण्याच्या पिशवीत स्कॅनचा लेखी अहवाल पुरत नाही. मूळ प्रतिमांची सीडी हवी. यकृत व मूत्रपिंडाच्या ताज्या रक्ततपासण्या, 'बी' व 'सी'चे अहवाल, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, शिधापत्रिका व आधारपत्र, आणि घरातील निर्णय घेऊ शकणारी एक व्यक्ती बरोबर असावी. रुग्णाला 'बी'चा विषाणू असेल तर पती-पत्नी, मुले व भावंडे यांचीही रक्ततपासणी त्याच आठवड्यात करावी. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही, त्यांना लस द्यावी : पहिली मात्रा लगेच, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. घरात बाळ येणार असेल तर त्याला जन्मापासून चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळेल अशी व्यवस्था प्रसूतिगृहाशी आधीच बोलून ठेवावी; आई विषाणूबाधित असेल तर त्यासोबत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, आणि ते अहेरी-आलापल्लीत आयत्या वेळी मिळेलच असे गृहीत न धरता आठव्या महिन्यातच मागवून ठेवावे.